मधे ज्वारी, कोपऱ्यात गहू: घुमटातल्या दुर्बिणीच्या वाइड फोटोत तारे का फुगतात

फोटोचं खरं रूप दहा फुटी फ्लेक्सवर कळतं. मोबाइलवर बघून चार जण "वा भाऊ" म्हणाले होते, तोच फोटो २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला कॉलेजच्या गेटवर लागला. खाली कॉलेजच्या गच्चीवरच्या, आकाश बघायच्या घुमटातली दुर्बीण, वर घुमटाच्या छतातल्या उघड्या झिरीतून मृग नक्षत्र, बाजूला भास्कराचार्यांचं नाव. आमच्या चाळीसगावकडे हे नाव सहज लागतं, कारण पाटणादेवीचा शिलालेख शके ११२८ चा आहे आणि त्यात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, काढलेल्या मठाची नोंद आहे. एवढ्या मोठ्या नावाशेजारी माझे तारे मात्र मधे ज्वारीच्या दाण्याएवढे आणि कोपऱ्यात गव्हाच्या दाण्यासारखे लांबट. कार्यक्रमभर मी त्या फ्लेक्सपासून लांबच उभा होतो.

त्यानंतर हाच बिघाड मी स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांवर इतक्या वेळा काढलाय की आता फोन आला की पुढचं वाक्य आधीच ठाऊक असतं: "भाऊ, लेन्सच खराब शे." बोलणारा बहुतेक लग्नाचे फोटो काढणारा असतो. हात तयार असतो, कॅमेरा चांगला असतो, आणि वाइड लेन्स हॉलमध्ये वऱ्हाडाचा ग्रुप घ्यायला झकास चालते. तीच लेन्स घुमटात नेली की हात टेकते. लेन्स खरोखर बिघडलेली निघण्याची वेळ क्वचित येते. म्हणून विकायची जाहिरात टाकण्याआधी खालचं सगळं क्रमाने करा. पहिल्या चार-पाच गोष्टींना एक पैसा लागत नाही.

लक्षणं: आधी ताऱ्याचा आकार वाचा

कशालाही हात लावण्याआधी फोटो कॉम्प्युटरवर १०० टक्के मोठा करून बघा. मोबाइलवर नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला तर अजिबात नाही. मधला भाग आणि चारही कोपरे, अशा पाच जागा. ताऱ्याचा आकारच दोष कुठे आहे ते सांगतो.

सगळीकडे गोल, मऊ, लाडवासारखे तारे असतील तर फोकस हुकलाय.

बारीक रेघा असतील आणि सगळ्या रेघा मिळून ध्रुवाभोवती फेर धरल्यासारख्या वळत असतील तर शटर जास्त वेळ उघडं राहिलंय.

सगळ्या ताऱ्यांना एकाच दिशेला एकसारखी शेपटी किंवा आकडा असेल तर कॅमेरा हललाय. इथे एक बारकावा आहे. शेपटी फक्त ठळक ताऱ्यांना दिसते आणि फिकट तारे नीट असतात, तेव्हा धक्का क्षणभराचा होता. व्याधासारखा तारा तेवढ्या क्षणातही खूण सोडून जातो, फिकट ताऱ्याला तेवढा वेळ पुरत नाही.

मधे टिपके सुरेख, पण चारही कोपऱ्यांत तारे पंख पसरलेल्या पाखरासारखे दिसत असतील तर तो लेन्सचा स्वभाव. त्याला कोमा म्हणतात.

तीन कोपरे बरे आणि एकच वाईट, किंवा डावी बाजू छान आणि उजवी पुसट, हे वाईट लक्षण. यावर शेवटी बोलू.

ताऱ्यांभोवती धुकट वलय असेल आणि रात्र पुढे सरकेल तसं वाढत जात असेल तर काचेवर दव.

तारे टाचणीच्या टोकासारखे, पण दुर्बीण मऊ. किंवा दुर्बिणीवरचा स्क्रू न् स्क्रू दिसतो, पण तारे लाडू. हे सगळ्यात जास्त वेळा येतं आणि लोक यातच सगळ्यात जास्त गोंधळतात.

पुढचे आकडे १४ मिमी लेन्स, एफ/२.८ (हा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं त्याचा आकडा; आकडा लहान तेवढा उजेड जास्त) आणि २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा धरून दिलेत. त्यात एक पिक्सेल, म्हणजे चित्राचा एक ठिपका, साधारण ६ मायक्रॉनचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. क्रॉप, म्हणजे लहान, सेन्सरवर १० किंवा ११ मिमी लावत असाल तरी पिक्सेलचा हिशोब जवळपास तोच निघतो.

फुकटातली तपासणी: स्विच आणि काच

लेन्सवरचा एएफ-एमएफ स्विच बघा: एएफ म्हणजे फोकस कॅमेरा लावतो, एमएफ म्हणजे आपण हाताने. हसू नका. संध्याकाळी उजेडात दुर्बिणीवर फोकस घेतला, फोटो छान आला, आणि स्विच तसाच राहिला. अंधारात शटर दाबलं की कॅमेरा पुन्हा फोकस शोधायला निघतो आणि जिथे थकतो तिथे थांबतो. कॅमेऱ्याच्या मागच्या बटणावर फोकस दिलेला असेल तरी एमएफच ठेवा.

स्थिरीकरणाचा स्विच असेल तर तोही बंद. ट्रायपॉडवर काही लेन्स आणि कॅमेरे नसलेली थरथर शोधत बसतात आणि स्वतःच चित्र हलवतात.

यूव्ही फिल्टर असेल तर काढा. घुमटातला एखादा इंडिकेटरचा दिवाही त्या सपाट काचेवर परावर्तन होऊन फोटोत दुसऱ्याच जागी उमटतो. एकाने मला "नवा धूमकेतू" पाठवला होता. तो दुर्बिणीच्या कंट्रोल बॉक्सवरचा हिरवा एलईडी होता. फुगीर काचेच्या १४ मिमीला समोरून फिल्टर बसतच नाही, तेवढा ताप वाचतो.

मग काचेवर टॉर्च तिरपा धरून बघा. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत, त्यातही रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात, रात्री दहिवर असं पडतं की पहाटे मोटरसायकलच्या सीटवरून पाणी ओघळतं. लेन्सची पुढची काच उघड्या आकाशाकडे तोंड करून असते. ती आपली उष्णता वर सोडत राहते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होते. मग दव तिच्यावर आधी बसतं. घुमटाच्या आत छत असल्याने हे कमी होतं. म्हणून घुमटात चार तास काही झालं नाही आणि गच्चीवर आल्यावर वीस मिनिटांत सगळं धूसर, असं होतं. त्यात लेन्सचा दोष नसतो.

दव पुसू नका. पुसलं की पातळ थर पसरतो आणि वलय आणखी वाढतं. यूएसबीवर चालणारी गरम पट्टी मिळते, ती लेन्सच्या पुढच्या कडेला गुंडाळायची आणि पॉवर बँक ट्रायपॉडला टांगायची. दव बसायच्या आधी लावायची, नंतर नाही. हेअर ड्रायर घुमटात काढूसुद्धा नका. गरम हवेचा झोत दुर्बिणीच्या आरशाकडे गेला तर ती सांभाळणारे सर तुम्हाला पुन्हा जिना चढू देणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असेल.

अनंताची खूण आणि पाण्याच्या टाकीवरचा दिवा

आता मुख्य गोष्ट. लेन्सवर आडवा आठ कोरलेला असतो, ती अनंताची खूण. बहुतेक जण रिंग त्या खुणेवर नेतात, किंवा थेट शेवटपर्यंत फिरवून घट्ट करतात, आणि निश्चिंत होतात. पण बऱ्याच लेन्सची रिंग अनंताच्याही पुढे फिरते. थंडी-उन्हात लेन्सचे भाग आकुंचन-प्रसरण पावतात, त्याला जागा हवी म्हणून बनवणारेच तेवढी ढील ठेवतात. मॅन्युअल लेन्सवर तर ती खूणच कधी एक-दोन मिलिमीटर सरकलेली असते. वाइड लेन्सची रिंग एवढी थोडी फिरते की तो एक मिलिमीटर म्हणजे टिपका आणि लाडू यांतला फरक.

म्हणून खुणेवर विश्वास ठेवू नका, ताऱ्यावर ठेवा. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या स्क्रीनवरचं थेट चित्र, लावा, दहापट मोठं करा, आणि एखादा ठळक तारा पकडा: हिवाळ्यात व्याध, उन्हाळ्यात स्वाती किंवा अभिजित. रिंग हळू फिरवा. तारा लहान होत जाईल, सगळ्यात लहान होईल, मग पुन्हा फुगायला लागेल. मागे या. बरोबर जागेवर आलात की शेजारी आतापर्यंत न दिसलेले फिकट तारे स्क्रीनवर उमटतात. मी त्याच खुणेवर थांबतो.

ढग आहेत, तारा सापडत नाही? मग गावातल्या पाण्याच्या टाकीवरचा बल्ब घ्या. १४ मिमीला ५० मीटर म्हणजे जवळपास अनंतच. ५० मीटरवर फोकस ठेवला तर ताऱ्याचा फुगवटा दीड मायक्रॉनही होत नाही, आणि आपला पिक्सेल ६ मायक्रॉनचा आहे. हे कळल्यापासून मी दिवसाउजेडीच लांबच्या मोबाइल टॉवरवर फोकस घेतो आणि रिंगला टेप लावतो. टेप मेडिकलमध्ये मिळते ती कागदी घ्या. काळी इलेक्ट्रिकची टेप मे महिन्यात वितळते. तिचा चिकट डिंक माझ्या एका रिंगच्या खाचांत अजून बसलाय, आणि रिंग फिरवली की बोटाला लागतो.

मे महिन्याचाच आणखी एक त्रास. जळगावला दिवसा पारा ४४-४५ वर असतो. दुपारभर गाडीच्या डिकीत पडलेली लेन्स रात्री आठला काढून लगेच फोकस लावला, तर अकरापर्यंत ती निवते आणि फोकस थोडा सरकतो. लेन्स तासभर आधी बाहेर काढा आणि मध्यरात्री एकदा पुन्हा बघा. "एकदा लावला ना" म्हणणाऱ्याचेच फोटो रात्री दोननंतर बिघडतात.

आणि एक गैरसमज इथेच मोडतो. "घुमटाचा पत्रा तापलेला, झिरीतून गरम हवा वर जाते, म्हणून तारे फुगले" असं मोठमोठे लोक सांगतात. दुर्बिणीच्या डोळ्याला हे अगदी खरं आहे. पण १४ मिमीच्या फोटोत एका पिक्सेलमध्ये आकाशाचा जवळपास ८८ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) एवढा तुकडा मावतो, आणि हवेची थरथर सहसा काही विकलांची असते. ती तुमच्या फोटोत दिसणं शक्य नाही. पत्र्यावर खापर फोडू नका.

दुर्बीण दोन मीटरवर, तारे अनंतावर

कॉलेजच्या गच्चीवरचा घुमट काही मोठा नसतो. भिंतीला पाठ लावून उभं राहिलं तरी दुर्बिणीची नळी दोन मीटरवर येते. वाइड लेन्स लावायची तीच खरी गरज, आणि त्रासही तिथूनच.

मोबाइलवरचं अ‍ॅप सांगतं की १४ मिमी, एफ/२.८ ला हायपरफोकल अंतर सुमारे २.३ मीटर. तिथे फोकस ठेवा, म्हणजे सव्वा मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट. अ‍ॅप खोटं बोलत नाही. पण त्याचं "स्पष्ट" म्हणजे ०.०३ मिमीपर्यंतचा फुगवटा चालेल, हा हातात धरून बघायच्या लहान प्रिंटच्या काळातला हिशोब. ०.०३ मिमी म्हणजे आपल्या सेन्सरवर पाच पिक्सेल. माणसाचा चेहरा, भिंत, झाड यांत पाच पिक्सेल लपून जातात. तारा मुळात टिपका, त्याला लपायला जागाच नाही.

माझ्या फ्लेक्सचा हिशोब याच भागात बसतो. फोकस मी नळीवर, दोन मीटरवर ठेवला होता. अनंतावरच्या ताऱ्याचा फुगवटा निघतो ३५ मायक्रॉन, म्हणजे सहा पिक्सेल. फोटोची रुंदी ६००० पिक्सेल, फ्लेक्स दहा फूट, म्हणजे एक पिक्सेल अर्धा मिलिमीटर. सहा पिक्सेल तीन मिलिमीटर. ही झाली ज्वारी.

उलट केलं, म्हणजे फोकस ताऱ्यांवर नेला, तर दुर्बीण तेवढीच, सहा पिक्सेलनी मऊ होते. इथे लेन्स बदलून काही होत नाही, कितीही महागडी आणा. मार्ग तीन.

पहिला फुकटचा: मागे सरका. पाच मीटरवर हाच फुगवटा १४ मायक्रॉनवर येतो, दोन-अडीच पिक्सेल. घुमटाचं दार उघडून बाहेर गच्चीवर उभे राहा आणि दाराच्या चौकटीतून दुर्बीण घ्या. मला स्वतःला हीच चौकट आवडते. आत काय आहे ते अर्धं दिसतं आणि बघणाऱ्याची मान आपोआप पुढे जाते.

दुसरा: दोन फोटो. ट्रायपॉड न हलवता एक फोटो ताऱ्यांसाठी एफ/२.८ ला, दुसरा दुर्बिणीसाठी, तिच्यावर फोकस ठेवून, एफ/८ ला, थोडा उजेड टाकून. मग कॉम्प्युटरवर जोडा. फोकस बदलला की चित्राची चौकट किंचित लहान-मोठी होते, म्हणून आधी दोन्ही फोटो एकमेकांवर जुळवून घ्या. नाहीतर झिरीच्या कडेला दुहेरी रेघ येते आणि जोडकाम उघडं पडतं. फोटो जोडलेला आहे हे खाली लिहा. त्यात लाज नाही, न लिहिण्यात आहे.

तिसरा: दुर्बिणीचा फक्त काळा आकार दाखवा, मागे तारे. काळ्या आकाराची कड दोन-चार पिक्सेल मऊ असली तरी कोणी बोलत नाही.

जोडायचे फोटो काढताना सरांना विचारून दुर्बिणीची मोटर थांबवून घ्या. ती आकाशाबरोबर फिरत असते, तासाला १५ अंश. एका फोटोत कळत नाही, पण ताऱ्यांच्या लांब रेघांसाठी तासभर फोटो काढत बसलात तर दुर्बिणीचं भूत होतं.

शटर किती वेळ

५०० ला फोकल लेंथने भागा, १४ मिमीला ३५ सेकंद, हा नियम सगळ्यांना पाठ आहे. तो ढिला नियम आहे. मृगासारख्या, आकाशाच्या विषुववृत्ताजवळच्या ताऱ्यांना आकाश सेकंदाला १५ विकला सरकवतं. वीस सेकंदांतच चौकटीच्या मधे साडेतीन पिक्सेलची रेघ होते. आणि वाइड लेन्स कोपऱ्यात चित्र ताणते. १४ मिमीच्या अगदी टोकाला, तारा कोपऱ्याच्या दिशेनेच सरकत असेल तर, तीच रेघ तिपटीहून लांब होते, बारा पिक्सेलच्या आसपास. फ्लेक्सवर सहा मिलिमीटर. हा गहू.

मी १० ते १२ सेकंदांवर थांबतो आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची ताकद, वाढवतो. त्याने फोटो रवाळ (नॉइज) दिसला तर दिसू द्या, दहा-बारा फोटो एकावर एक घालून तो रवाळपणा कमी करता येतो. लांबलेला तारा मागे आणता येत नाही. ध्रुवाकडे तोंड असेल तर वीस-पंचवीस सेकंदही चालतात, तिथे तारे जागच्या जागीच घुटमळतात.

फरशी

हे कळायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. दुर्बीण ज्या खांबावर असते तो खांब घुमटाच्या फरशीला टेकलेला नसतो. खाली नीट बघा, भोवती बोटभर फट ठेवलेली दिसेल. माणसं चालली तरी दुर्बीण हलू नये म्हणून ती मुद्दाम ठेवतात. तुमचा ट्रायपॉड मात्र त्याच फरशीवर उभा, जिच्यावर पोरं रांगेत उभी आहेत, एक जण पाय आपटतोय आणि शिपाईकाका चहा घेऊन येतायत. दुर्बिणीतून बघणारा म्हणतो, "काही हलत नाही." तुमच्या फोटोत सगळं हललेलं. दोघंही खरे.

तपासायचं कसं? स्टीलच्या वाटीत काठोकाठ पाणी घ्या, ट्रायपॉडच्या पायाशी ठेवा आणि त्यात एखाद्या दिव्याचं प्रतिबिंब बघा. दुसऱ्याला दारापासून चालत यायला सांगा. एकदा लाकडी फळ्यांच्या घुमटात मी हे केलं, तर खालच्या मजल्यावरचं दार आपटलं तेव्हासुद्धा वाटीत वर्तुळं उठली. त्या रात्रीचे माझे चाळीस फोटो का गेले ते तेव्हा कळलं.

उपाय साधा. माणसं बाहेर, घुमट फिरवायचं बंद, दोन सेकंदांऐवजी दहा सेकंदांचा टायमर, आणि तुम्हीही जागचे हलू नका. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका. जड बॅग टांगायची तर ती फरशीला जेमतेम टेकू द्या, लोंबकळली तर वाऱ्यात तीच झोका देते. आणि ट्रायपॉडचा पाय खांबाच्या चौथऱ्यावर ठेवायचा शहाणपणा नको. त्या फटीने वाचवलेली थरथर तुम्ही पुन्हा दुर्बिणीला पोचवाल.

लाल दिवा

घुमटात लाल दिवा असतो, कारण अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाने ती क्षणात वाया जातात. पण सेन्सरच्या दर चार पिक्सेलमागे लाल उजेड बघणारा एकच असतो. निव्वळ लाल उजेडातली दुर्बीण म्हणूनच मऊ, रंग पोतल्यासारखी दिसते. शिवाय लाल चॅनेल भरून वाहत असतो आणि कॅमेऱ्याचा साधा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, "सगळं ठीक" म्हणतो. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावा. निरीक्षण संपलं की परवानगी घेऊन मोबाइलच्या टॉर्चवर कागदी रुमाल धरा आणि घुमटाच्या आतल्या भिंतीवर दोन सेकंद उजेड टाका. दुर्बिणीवर थेट नाही.

"दुर्बीण वाकडी आली"

हे फुगलेल्या ताऱ्यांत येत नाही, पण फोन यासाठीही येतात. नळीची सरळ कड केळीसारखी वाकली असेल तर तो लेन्सचा वाक आहे, सॉफ्टवेअरमधल्या लेन्स प्रोफाइलने जातो. नळी सरळ आहे पण जवळचं तोंड ढोलाएवढं झालंय, तर तुम्ही फार जवळ गेलात. ते प्रोफाइलने जात नाही, मागे सरकून जातं. गोल वस्तू कोपऱ्यात ठेवली तर अंडाकृती होणारच, दुर्बीण मधे घ्या.

आणि तिसरा प्रकार, ज्यात वाकडं काहीच नसतं. एका मुलाने फोटो इतका फिरवला होता की घुमटाचं दार पडायला आलं होतं. का, तर "दुर्बिणीचा दांडा फारच आडवा दिसत होता, सरळ केला." दुर्बिणीला आकाशाबरोबर फिरवणाऱ्या विषुववृत्तीय बैठकीचा मुख्य अक्ष, म्हणजे तोच दांडा, ध्रुवताऱ्याकडे रोखलेला असतो, आणि जळगावहून ध्रुव क्षितिजापासून फक्त २१ अंश वर. म्हणजे आपल्याकडे तो अक्ष आडवाच दिसणार. श्रीनगरला तो ३४ अंशांवर असेल. फोटो सरळ करायचा तर खांब आणि दाराची चौकट बघा, अक्ष नव्हे.

कोमा

कोपऱ्यातली पाखरं घालवायला एफ/२.८ वरून एफ/४ वर या. उजेड निम्मा होतो, पण पाखरांचे पंख बरेच मिटतात. तेवढ्याने भागत नसेल तर कोपरे कापा, किंवा घुमटाची काळी भिंत कोपऱ्यांत येईल अशी चौकट धरा. झिरीतून आकाश मधेच दिसत असतं, घुमटाच्या आत हा दोष आपोआप झाकतो. नवी लेन्स घेण्याचा विचार करायचाच तर तो इथे, याच्या आधी नाही.

एकच कोपरा वाईट: इथे थांबा

वरचं सगळं झालं, आणि तरी एकच बाजू पुसट. आता एकच चाचणी करा. पाण्याच्या टाकीवरचा तोच दिवा पाळीपाळीने चारही कोपऱ्यांत ठेवून चार फोटो काढा. प्रत्येकात फोकस तोच, मधे रिंगला हात नाही. दिवा त्याच एका कोपऱ्यात गेला की फुगतो, तर दोष लेन्स किंवा कॅमेऱ्याची बॉडी, दोघांपैकी एकात आहे. आता दुसरी लेन्स लावून हेच करा. तिचाही तोच कोपरा गेला तर बॉडीचा माउंट (लेन्स बसते ती कडी) किंवा सेन्सर तिरपा. दुसरी लेन्स नीट आली तर पहिल्या लेन्सच्या आतली एखादी काच सरकली आहे, बहुधा कधीतरी पडल्यामुळे.

यापुढे तुमचं काम संपलं. स्क्रू काढू नका. आतल्या काचा बसवायला मोजमापाची यंत्रं लागतात, आणि व्हिडिओ बघून उघडलेली लेन्स दुरुस्तीवाले आधी नाकारतात. लेन्समध्ये जाळ्यासारखी बुरशी दिसली, रिंग कुठेतरी अडकून खरखरली, किंवा माउंटवर लेन्स डुगडुगली, तरीही हेच: थांबा आणि लेन्स दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. गावातला मोबाइलवाला नको, घड्याळजीही नको.

दुर्बिणीच्या बाबतीत तर सुरुवातीलाच थांबायचं. तिचा आरसा धुळकट दिसतो म्हणून फुंकर मारायची नाही, फोटोत चांगली दिसावी म्हणून नळी हाताने ढकलायची नाही, क्लॅम्प सैल करायचा नाही. सरांना सांगा, ते फिरवतील. दिवसा घुमट उघडून फोटो हवा असेल तर मुख्य नळी आणि वरची छोटी शोधक दुर्बीण, दोन्हीची झाकणं बसवलेली आहेत हे त्यांच्याकडून आधी तपासून घ्या. झिरीतून आत्ता ऊन येत नसेल, तासाभरात सूर्य १५ अंश सरकून समोर येतो, आणि उघड्या दुर्बिणीतून गेलेलं ऊन डोळाही जाळतं आणि पडदाही.

लेन्स नाशिक-पुण्याला पाठवताना त्या चार कोपऱ्यांचे फोटो पेन ड्राइव्हवर सोबत द्या, आणि चिठ्ठीत लिहा: कोणता कोपरा, किती अ‍ॅपर्चर, दुसऱ्या लेन्सवर काय आलं. नुसतं "फोटो क्लिअर येत नाही" लिहिलं तर ते मधे फोकस बघतात आणि "ओके" म्हणून परत पाठवतात, माझी एकदा तशीच आली होती. दोन्ही टोपणं लावा, मागचंसुद्धा. एका मित्राने मागचं टोपण नाही म्हणून तिथे वर्तमानपत्राचा बोळा कोंबला होता. लेन्स दुरुस्त होऊन आली, पण मागच्या काचेच्या कडेला शाईचा डाग तसाच होता, आणि तो पुसायला दुसरं पार्सल करावं लागलं.